आमच्या घरचा गव्हर्नर

आमच्या घरी गव्हर्नर बसवला त्या दिवशी माझ्या वडिलांच्या गळ्यात कण्हेरीचा हार पडला आणि शाळेच्या पोरांनी त्यांना सलामी ठोकली. वडील बिचारे आले होते मला माहेरी परत न्यायला. हे असं एका दमात सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे संशयानं बघतो. आमचे हे तर म्हणायचे, तू गोष्ट शेपटाकडून धरतेस. धरते खरी. तेव्हा आता शिंगांकडून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हा गव्हर्नर राज्यपाल नव्हता. तो पत्र्याचा एक गोल, चपटा डबा होता आणि त्याच्या आत रबराचा पडदा ताणून बसवलेला होता. शेणाच्या गॅसचा दाब वाढला की पडदा वर फुगायचा आणि गॅसची वाट अरुंद करायचा. दाब उतरला की पडदा खाली बसायचा आणि वाट मोकळी व्हायची. त्यामुळे चुलीवरची जोत सारखी राहायची. आता घरोघरी सिलिंडरवर जो रेग्युलेटर बसतो, तो याच जातीचा. परवा आमचा जुना रेग्युलेटर बदलला तेव्हा मी नातवाकडून तो उघडून घेतला. आत पाहते तर तोच रबराचा पडदा! नातवाला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र सकाळभर तो मांडीवर घेऊन बसले होते.

मी कारंज्याची. वाशीमचा हा सगळा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. पन्नास साल उलटून बरीच वर्षं झाली होती, साठ अजून यायचं होतं, त्या सुमाराला माझं लग्न होऊन मी अनसिंगच्या अलीकडच्या एका खेड्यात आले. घरात माणसं मोजकी. आमचे हे, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. दीर नाही, जाऊ नाही, नणंदा आपापल्या घरी. शेती होती आणि गावातली एकुलती एक पिठाची गिरणी आमची होती. तिचं तेलावर चालणारं इंजिन हे सांभाळायचे, आणि इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी यांच्या हातातला घास थांबायचा.

माहेरी आमच्याकडे कोळशाची शेगडी होती. त्यामुळे मला धूर सोसत नाही, हे ना मला ठाऊक होतं ना माझ्या आईला. इथे चूल. तिच्यात पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या. कपाशी उपटल्यावर उरलेल्या त्या पऱ्हाट्या वाळलेल्या असल्या तर भडभड पेटतात, ओल्या असल्या तर नुसत्या धुमसतात. पहिल्याच पावसाळ्यात माझी छाती भरली. भाकरी तव्यावर टाकावी आणि बाहेर ओसरीवर येऊन खांब धरून उभं राहावं. श्वास आत जातोय पण बाहेर येत नाही, असं व्हायचं. आतून आत्याबाईंचा आवाज यायचा, "सून हाय का समई? जरासा धूर लागला का फडफडते!"

आत्याबाई उंच, हाडापेरानं दणकट आणि बोलायला तिखट. मीही काही कमी तोंडाळ नव्हते, पण खोकता खोकता उलट उत्तर देता येत नाही. तो मोठाच अन्याय होता.

अनसिंगच्या वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं, हिला धुरात बसवू नका, नाहीतर दमा जन्माचा मागे लागेल. झालं. त्या दिवसापासून आत्याबाईंनी मला चुलीपासून उठवलं आणि सगळा स्वयंपाक स्वतःच्या अंगावर घेतला. मला धान्य निवडायला, पाणी भरायला दिलं. ज्या घरात सुनेच्या हातची भाकरी नाही, त्या घराबद्दल गावात काय बोलतात ते सांगायला नको. पोरगी रोगी आहे, कारंजेवाल्यांनी लपवलं, असं सोयरे कुजबुजायला लागले. आत्याबाईंनी ते एक वर्ष ऐकून घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात, पावसाळा जवळ आला तसं त्या मामंजींना म्हणाल्या, "पोट्टी माहेरी राहीन तं जितीजागती तं राहीन. इवायाले निरोप धाडा." इवाई म्हणजे व्याही, माझे वडील. बाजारासाठी कारंज्याला जाणाऱ्या एकाबरोबर निरोप गेला. तसं कोणी स्पष्ट बोललं नाही, पण एकदा गेलेली मी परत येणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मला तर सगळ्यात जास्त. मला जायचं नव्हतं. मला हे घर आवडायला लागलं होतं, यांच्या अंगाला येणारा पिठाचा आणि तेलाचा वास आवडायला लागला होता. आता या वयात सांगायला कसली लाज?

निरोप गेला आणि मामंजी इरेला पेटले.

मामंजींना प्रदर्शनाचं वेड होतं. कुठे शेतकी प्रदर्शन भरलं की धोतराला नीळ देऊन निघायचे आणि येताना काहीतरी घेऊन यायचे. एकदा आमच्या माळकरी घरात ते अंडी उबवायची पेटी घेऊन आले होते. आत्याबाईंनी तिच्यात सांडगे ठेवले. त्या हिवाळ्यात अकोल्याला त्यांनी शेणापासून गॅस करायची टाकी पाहिली होती आणि गोठ्यामागे तशी टाकी बांधायला घेऊन अर्ध्यात सोडली होती. आता त्यांनी ती पुरी केली. विहिरीसारखा विटांनी बांधलेला खड्डा, त्यात शेण आणि पाणी कालवून ओतायचं, वर लोखंडी पत्र्याची मोठी टाकी उपडी ठेवायची. शेण आंबलं की गॅस सुटतो, टाकी वर उचलली जाते, आणि टाकीच्या वजनानं गॅस दाबला जाऊन नळीवाटे चुलीकडे येतो. धूर नावाला नाही.

आत्याबाईंना हे बिलकुल मान्य नव्हतं. गोवऱ्यांचा त्यांनी रचलेला उडवा अख्ख्या गावात देखणा असायचा. "साऱ्या गावच्या बाया गोवऱ्या थापून राह्यल्या, अन् आमी शेन खड्ड्यात घालून राह्यलो!"

"गोवरीवर शिजवलेलं चालते, अन् गोवरीची वाफ नाई चालत? कोन्या पोथीत हाय हे?" मामंजी म्हणाले.

"पोथीत नाई, नाकात हाय. नाक हाय ना मले."

"अवं, जाळला का वास जाते."

वास गेला, ते खरं निघालं. पण दुसरंच विघ्न आलं. वाशीमहून टाकी आणताना ओढ्यात गाडी कलंडली होती आणि टाकीला एका बाजूनं पोचा पडला होता. त्यामुळे ती वर-खाली होताना विटांना अडायची. अडली की चुलीवरची जोत मरून निळा ठिपका उरायचा, आणि एकदम सुटली की धप्पकन खाली बसायची आणि जोत हातभर वर यायची. पहिल्या दिवशी मामंजी वाकून पाहायला गेले आणि त्यांची डावी मिशी गेली. उजवी मिशी त्यांनी न्हाव्याकडून मग स्वतःहून उतरवली. बिनमिशीचे मामंजी ओसरीवर येऊन बसले तेव्हा आत्याबाई पदर तोंडात कोंबून गोठ्यात पळाल्या, आणि तिथून गाय दचकावी असा त्यांच्या हसण्याचा आवाज आला. मीही हसले, आणि त्या वर्षात पहिल्यांदा हसताना मला खोकला आला नाही.

पण हसून भागत नव्हतं. अशा चुलीवर भाकरी एकतर कच्ची किंवा कोळसा. टाकी बदलायची तर पुन्हा वाशीम, पुन्हा लोहार, आणि तोवर पावसाळा सुरू झाला असता. वडील तर त्याच्याही आधी येणार होते.

तोडगा यांना सुचला, तोही गिरणीत. संध्याकाळी घरी येऊन ते मामंजींना म्हणाले, "बाबा, आपल्या इंजिनले गव्हर्नर हाय ना? जात्यावर भार आला का तो तेल वाढवते, भार उतरला का कमी करते. म्हनून इंजिन एका चालीनं चालते. तसाच गव्हर्नर ग्यासले बसवू."

"मंग बसव ना! वाट कोनाची पाह्यतं?" मामंजी म्हणाले. ते दोघे मग जेवायचेही विसरले.

डबा तयार झाला. अर्धा खाली, अर्धा वर, मध्ये रबर आणि कडेनं बारीक बोल्ट. रबराच्या मधोमध एक तार, तारेच्या टोकाला गॅसच्या तोंडात बसेल अशी पितळी गोळी. वरच्या उघड्या तोंडातून रबरावर भार म्हणून लोखंडी वायसर, म्हणजे वॉशर, ठेवायचे. सगळं जमलं, अडलं ते रबरापाशी. यांनी आधी सायकलची ट्यूब फाडून लावली. ती अरुंद आणि जाड. शेणाचा गॅस तो, त्याला कुठली एवढी ताकद? रबर ढिम्म हलेना. मग शाळेच्या फुटबॉलचा ब्लॅडर मास्तरांकडून मागून आणला. तो ठिगळ लावलेला निघाला. बोल्ट आवळताना ठिगळ सुटलं आणि शाळेचा फुटबॉलही गेला. मास्तर पुढे बरेच दिवस आमच्या गिरणीऐवजी दुसऱ्या गावी दळण पाठवत होते.

दुपारची वेळ होती. बापलेक ओसरीवर डबा पुढ्यात घेऊन उदास बसले होते. आत्याबाई उंबऱ्याशी गहू पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय पाह्यजेन तुमाले, थे तं सांगा."

"रबर पाह्यजे, माय," हे म्हणाले. "ताटाएवढं. पातळ अन् मऊ. असं गावात कोनाजवळ राहीन?"

आत्याबाई उठल्या, आत गेल्या. त्यांच्या पेटीची कडी वाजली. ती पेटी त्या कोणासमोर उघडत नसत. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात विटकरी रंगाचं एक रबरी कापड होतं, घडी घातलेलं, घडीत कडुलिंबाचा पाला. दवाखान्यात पलंगावर घालतात तसलं. पाळण्यात बाळाच्या खाली घालायला असलं कापड तेव्हा फक्त शहरात मिळायचं. आमचं लग्न ठरलं त्याच महिन्यात अकोल्याहून मागवून त्यांनी ते ठेवून दिलं होतं. मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. पण ते काय आहे हे पाहताक्षणी आम्हा दोघांनाही कळलं.

हे हातात कात्री घेऊन नुसतेच बसले. "माय, हे तं..."

"मले ठाव हाय थे काय होय. पाहून काय राह्यला? काप."

"पन माय..."

"ज्या लेकरासाठी आनलं, त्याची मायच धुरात मेली तं लेकरू कुठून येईन? काप म्हनते ना!"

मी दाराआड उभी होते. त्या बाईचा मला वर्षभर राग होता. समई काय, फडफडते काय, मनातल्या मनात मी त्यांना काय काय उत्तरं देऊन ठेवली होती! ती सगळी त्या क्षणी माझ्या तोंडातच राहिली. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांनी लगेच माझ्याकडे वळून विचारलं, "अन् तू काय पाह्यतं? गहू कोन पाखडीन?"

आणि वर अटही घातली. निरोप गेलाय तो गेलाय, तो काही परत येत नाही. इवाई येतील त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक याच गॅसवर, माझ्याच हातानं व्हायला पाहिजे. झाला तर पुढचं बोलू. करपला किंवा कच्चा राहिला, तर पोरीनं बापाबरोबर जायचं. त्या धुराच्या चुलीपुढे पुन्हा तिला बसवणार नाही म्हणजे नाही.

पुरणाची अट त्यांनी मुद्दाम घातली होती. भाकरी एकवेळ भडकत्या जाळावर निभावते. पुरण निभावत नाही. डाळीला तासभर एकसारखी आच लागते, आणि गूळ पडल्यावर जोत जरा वर आली की बुडाला लागलंच.

वडील रविवारी येतायत असा उलट निरोप आला; तोच दिवस ठरला. इथवर सगळं नीट होतं. बिघडवलं मामंजींच्या तोंडानं.

मामंजी पारावर जाऊन सांगून आले, "रविवारी आमच्या घरी गव्हर्नर बसवून राह्यलो." सांगायचं एवढंच होतं, पण मिशी नसल्यामुळे गावात त्यांना मान वर काढता येत नव्हती. त्यामुळे त्यांनी ते जरा छाती काढून सांगितलं. इंजिनाला गव्हर्नर असतो हे गावात यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार? लोकांना गव्हर्नर एकच ठाऊक, तो म्हणजे लाटसाहेब. हां हां म्हणता गावभर झालं, शेणाचा गॅस पाहायला गव्हर्नर येतोय. पाटील तातडीनं आमच्या गोठ्याकडे आले. पुढचं बोलणं मामंजींनी मला नंतर इतक्यांदा सांगितलं की ते मला पाठ आहे.

"रविवारी केव्हा बसवता गव्हर्नर?" पाटलांनी विचारलं.

"सैपाकाच्या आधी."

"कुठी बसवता?"

"सैपाकघरात. चुलीजवळ."

पाटील चाचरले. "सैपाकघरात? बरं दिसन का थे? चांगला ओसरीवर बसवा. मी खुर्ची धाडतो."

"खुर्ची कायले? भितीले खिळा ठोकून ठेवला ना. खिळ्यालेच टांगतो."

पाटलांनी पागोटं सावरलं आणि जे निघाले ते सरळ मास्तरांकडे गेले. म्हणाले, याचं डोकं फिरलंय, कशावरून तरी सरकारवर खार खाऊन बसलाय, हा गव्हर्नराला टांगायच्या गोष्टी करतोय! गावाची अब्रू वाचवायची तर गव्हर्नर याच्या घरी पोचायच्या आत आपण त्याला वेशीवरच गाठू.

म्हणून रविवारी सकाळी वेशीपासून सडे पडले. कोतवालानं आमची गल्ली तेवढी सोडून दवंडी दिली. मास्तरांनी पोरांना आंघोळी घालून ओळीत उभं केलं. आम्ही घरात, आम्हाला यातलं काही माहीत नाही. हे बोल्ट आवळत होते आणि मी डाळ निवडत होते.

आणि नेमके त्याच वेळी माझे वडील आले.

मोटारीनं अनसिंगपर्यंत, तिथून भाड्याच्या दमणीनं, हलक्या बैलगाडीनं. वडील कारंज्याला कापसाच्या आडतीत होते. उंच, गोरेपान, अंगात लांब कोट, डोक्याला काळी टोपी, हातात छत्री. दमणीला गाडीवानानं सावलीसाठी पांढरं कापड लावलेलं. आता यात गावाची तरी काय चूक? दमणी वेशीत शिरली आणि पोरांनी "भारत माता की जय" म्हणून आरोळी दिली. बैल बुजले. वडील उतरले तोच पाटलांनी हार घातला, पोरांनी सलामी ठोकली आणि मास्तर मानपत्र वाचायला लागले, "आपल्या चरणस्पर्शानं हे आडगाव पावन झालं आहे."

वडील मला नंतर म्हणाले, "मले वाटलं, पोरीले परत न्याले आलेल्या बापाले या गावात असंच गोड बोलून वाटेले लावत असतीन." त्यांनी मानपत्र मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून पाटलांनाही भरून आलं. गव्हर्नर एवढा मवाळ माणूस असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी पाटलांनी हात जोडून गावाला पूल मागितला. वडील म्हणाले, "पूल? मी तं मायी पोरगी न्याले आलो."

मग गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "अवं, हे तं गिरणीवाल्याच्या सुनेचे वडील होत!"

हसू कोणाला आधी फुटलं ते माहीत नाही, पण ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. वेशीवर जमलेली माणसं घरी थोडीच जाणार? खरा गव्हर्नर कोण ते पाहायचंच, म्हणून सगळं गाव वडिलांच्या मागोमाग आमच्या अंगणात. पाटील पुढे, खुर्चीसकट. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि जराही न लाजता म्हणाले, "या ना, पाहा ना. भितीले टांगला हाय."

असं झालं की माझी परीक्षा बंद दाराआड व्हायची, ती भर गावापुढे झाली. वडील ओसरीवर पाटलांच्या खुर्चीत. माझी ट्रंक दाराशी भरून ठेवलेली. बायका स्वयंपाकघराच्या दारात, पुरुष अंगणातून माना उंचावून. मी काडी ओढली आणि जोत लावली. निळी, बोटभर, सरळ. वर डाळीचं पातेलं चढवलं आणि आम्ही सगळे त्या डब्याकडे बघत बसलो. डाळ मऊ होऊ दे, एवढंच मी देवाजवळ मागत होते.

डाळ शिजली. वाटली, गूळ घातला. पुरण घट्ट व्हायला आलं आणि गोठ्यामागून टाकीचा तो ओळखीचा आवाज आला. धप्प!

मामंजींचा हात नसलेल्या मिशीकडे गेला. दारातल्या बायका मागे सरल्या. मी मात्र हलले नाही, कढईत उलथणं तसंच धरून बसले. डब्यातलं विटकरी रबर हळूच वर फुगलं, वरचे वायसर त्यानं उचलून धरले, आणि जोत होती तेवढीच राहिली. बोटभर. थोड्या वेळानं रबर पुन्हा शांतपणे खाली बसलं. हे दारातून ओरडले, "बसला! गव्हर्नर बसला!" आणि अंगणात पुन्हा एकदा भारत माता की जय झालं. पाटलांना निदान आरोळी तरी वाया गेली नाही याचं समाधान मिळालं.

मी कढईचं बूड खरवडून पाहिलं. कुठे लागलेलं नव्हतं. खोकला नव्हता, श्वास नीट येत-जात होता. मला इतका आनंद झाला की पुरण सगळ्यांच्या आधी मीच चाखलं, नैवेद्याचीही वाट पाहिली नाही.

माणसं पांगली. आत्याबाई आत येऊन पोळ्या लाटायला बसल्या. लाटता लाटता त्यांनी सवयीनं पदर डोळ्यांना लावला आणि मग पदराकडे पाहिलं. पदर कोरडा होता. लाटणं तसंच हातात ठेवून त्या निळ्या जोतीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच बोलल्या, "मले वाटे, सैपाक म्हटला का रडनं आलंच. साऱ्याच बाया रडते. मायी माय रडे, सासू रडे. कोनी सांगतलंच नाई."

मी त्यांच्या शेजारी सरकून बसले. आमचे गुडघे एकमेकींना लागले आणि त्यांनी आपला गुडघा काढून घेतला नाही.

बाहेरून वडिलांनी मामंजींना विचारलेलं ऐकू आलं, "ऊन उतरलं. पोरीची तयारी झाली असन तं निंघतो आमी."

मामंजी घुटमळले. अट आत्याबाईंची, निकालही त्यांचाच. आणि विहीण व्याह्यापुढे येऊन बोलत नसे; बोलायचंच झालं तर दाराआडून, तिसऱ्याला सांगून. आत्याबाईंनी हाताचं पीठ झटकलं, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ ओसरीवर जाऊन वडिलांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मी आयुष्यात त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहत होते.

"इवाई, दमनी सोडा. पुरनपोई खाऊन जा. पोट्टी नाई येत."

वडील खुर्चीतून उठून उभे राहिले. "इहीनबाई, तिची तब्येत..."

"तिची तब्येत मी पाहीन."

"बरं," वडील म्हणाले. "मंग कवा धाडसान तिले? मी कवा येऊ न्याले?"

"बायंतपनाले या," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी नाई."

आत चुलीपाशी मी इतक्या मोठ्यानं हसले की अंगणात बांधलेले दमणीचे बैल पुन्हा बुजले. ओसरीवरूनच आत्याबाई ओरडल्या, "हसून काय राह्यली? तव्यावरची पोई पाह्य, करपन!"